पंचमीचा क्षण : शिरगावची जत्रा आणि चंद्राच्या वेगाचे गणित

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री लईराई देवीची जत्रा दरवर्षी वैशाख शुद्ध पंचमीला भरते. व्रतस्थ राहून, हातात वेताची काठी घेऊन आलेले हजारो भक्त, म्हणजे धोंड, त्या रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात, आणि या अग्निदिव्यामुळेच खाणींनी वेढलेल्या या लहानशा गावाचे नाव गोव्याच्या सीमेपलीकडे पोहोचलेले आहे. जत्रेच्या आचारांकडे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांचे लक्ष जाते; तिचा दिवस ज्या गणिताने ठरतो त्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक पंचमी म्हणजे आकाशातील दोन बिंदूंमधल्या अंतराचा एक टप्पा आहे, आणि ते दोन्ही बिंदू सतत, तेही बदलत्या वेगाने, सरकत असतात. भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक पुस्तकात स्थान, विस्थापन, वेग, सापेक्ष वेग आणि सदिशांची बेरीज या नावांनी जे शिकवले जाते, त्यातले बहुतेक सगळे या एका तिथीच्या निश्चितीत वापरले गेले आहे, आणि ते वापरणारे गणिती सह्याद्रीच्या पायथ्याशी व कोकण किनाऱ्यावर राहत होते.

तिथीची व्याख्या सोपी आहे. अमावास्येच्या क्षणी चंद्र आणि सूर्य यांचे भोगांश, म्हणजे क्रांतिवृत्तावर एका ठरावीक आरंभबिंदूपासून मोजलेली त्यांची कोनीय स्थाने, सारखे असतात. त्यानंतर चंद्र पुढे जाऊ लागतो आणि त्याने सूर्यावर घेतलेली प्रत्येक १२ अंशांची आघाडी म्हणजे एक तिथी. ही आघाडी ४८ अंशांची झाली की शुद्ध पंचमी लागते आणि ६० अंशांची झाली की संपते. येथे चंद्राचा आकार, त्याचे वजन, त्याच्या कला किंवा त्यावरचे डाग यांचा काहीही संबंध येत नाही. तो केवळ एक सरकणारा बिंदू मानला जातो. भौतिकशास्त्रात अशा आदर्श बिंदूला कण म्हणतात, आणि कणांच्या गतीचे, तिच्या कारणांत न शिरता केलेले वर्णन म्हणजे गतीचे शुद्ध गणित. सिद्धांतग्रंथांनुसार चंद्राची मध्यम, म्हणजे सरासरी, दैनिक गती ७९० कला ३५ विकला आहे आणि सूर्याची ५९ कला ८ विकला. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. वर्तुळाकार धावपट्टीवर एकाच दिशेने धावणाऱ्या दोघांपैकी पुढच्याची आघाडी कशी वाढते हे जसे दोघांच्या वेगांच्या वजाबाकीवरून कळते, तसेच येथेही ७३१ कला २७ विकला ही वजाबाकी चंद्राचा सूर्यसापेक्ष वेग देते. तिथीच्या ७२० कलांना या संख्येने भागले की सरासरी तिथी सुमारे २३ तास ३७ मिनिटांची येते.

चंद्र या सरासरीने चालला असता, तर पंचांगाचे काम त्रैराशिकावर भागले असते. तो तसा चालत नाही, याचा पुरावा शिरगावच्या अलीकडच्या जत्रांमध्येच सापडतो. २०२३ साली अमावास्येच्या क्षणापासून वैशाख शुद्ध पंचमी संपेपर्यंत जवळजवळ पूर्ण ५ दिवस लागले. २०२५ साली तेवढीच ६० अंशांची आघाडी घेण्यास चंद्राला ४ दिवस ८ तास पुरले. सरासरी वेगाने हा काळ ४ दिवस २२ तासांचा हवा होता. पहिल्या वर्षी चंद्र त्या सुमारास पृथ्वीपासून दूर जात होता आणि म्हणून मंद होता; दुसऱ्या वर्षी अमावास्येच्या वेळीच तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता आणि म्हणून शीघ्र होता. पृथ्वीवरून पाहता चंद्राची दैनिक चाल सुमारे पावणेबारा अंशांपासून सव्वापंधरा अंशांपर्यंत बदलते. इतक्या मोठ्या फरकाकडे दुर्लक्ष करून तिथी सांगता येत नाही.

मात्र दुर्लक्ष करूनही एक धार्मिक कालगणना शतकानुशतके उत्तम चालली आहे, आणि तिचे उदाहरण शिरगावपासून फार लांब नाही. लोकश्रद्धेनुसार लईराई ही सात बहिणींपैकी एक, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही तिची बहीण. शिरगावहून म्हापशाला तेल जाते आणि म्हापशाहून शिरगावला फुले येतात, अशी या नात्याची खूण सांगितली जाते. म्हापसा बार्देशात, म्हणजे पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत, तर डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या हाती गेलेल्या नव्या काबिजादीत. त्यामुळे एका बहिणीचा उत्सव चर्चच्या दिनदर्शिकेत आणि दुसरीचा पंचांगात नोंदला गेला. मिलाग्रीसचे फेस्त ईस्टरच्या रविवारानंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी असते, आणि ईस्टर स्वतः चंद्रावर अवलंबून आहे: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तेव्हा दोन्ही बहिणींचे दिवस चंद्रच ठरवतो. फरक आहे तो चंद्राचा वेग कसा धरायचा याचा.

चर्चची पौर्णिमा कोष्टकातील आहे. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ बरोबर बसतात, या प्राचीन आवर्तनावर ती आधारलेली असून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा याने केलेल्या सुधारणेत तिला काही दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्या सुधारणेचा प्रमुख गणिती क्रिस्तोफर क्लाविउस हा रोमच्या जेझुइट महाविद्यालयात शिकवीत असे. त्याच्या हाताखाली शिकलेला मात्तेओ रिची सुधारणा जाहीर होण्याच्या आधीची काही वर्षे गोव्यात होता आणि तेथूनच पुढे चीनकडे गेला. या पद्धतीत चंद्राला सरासरी वेगच दिलेला आहे, त्यामुळे चर्चची पौर्णिमा आणि आकाशातली पौर्णिमा यांत कधी कधी एका दिवसाचा, क्वचित त्याहून अधिक, फरक पडतो. तो कोणालाही खुपत नाही, कारण ईस्टर शेवटी रविवारावर जाऊन थांबतो आणि आठवड्याच्या मापात काही तासांची चूक बहुधा विरून जाते. पंचांगकर्त्याला ही सवलत नाही. सूर्योदयाला जी तिथी असेल तिचे नाव त्या दिवसाला द्यायचे, हा सामान्य नियम. त्यामुळे तिथी सूर्योदयाच्या थोडी आधी संपते की थोडी नंतर, यावर संपूर्ण उत्सवाचा दिवस बदलू शकतो. २ मे २०२५ रोजी पंचमी सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली, तरी जत्रा त्याच दिवशी झाली, कारण सूर्योदय पंचमीने पाहिला होता.

या दोन गणितांमुळे बहिणींच्या उत्सवांतले अंतरही चमत्कारिक रीतीने बदलते. २०२३ मध्ये फेस्त २४ एप्रिलला आणि वैशाख शुद्ध पंचमी २५ एप्रिलला होती. २०२४ मध्ये फेस्त १५ एप्रिलला आणि पंचमी १२ मे रोजी. २०२५ मध्ये फेस्त ५ मे रोजी आणि पंचमी २ मे रोजी, म्हणजे क्रमच उलटलेला. २०२४ चा फरक वेगाचा नाही. २०२३ च्या अधिक श्रावणामुळे पुढचा वैशाख उशिरा आला, आणि त्या वर्षी ईस्टरची पौर्णिमा फाल्गुनातली, म्हणजे होळीची, होती. इतर दोन वर्षी ती चैत्री पौर्णिमा होती. ईस्टर वसंतसंपाताच्या दिवसाला बांधलेला आहे आणि चैत्र सूर्याच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या, मेष राशीतील प्रवेशाला, या दोन आरंभबिंदूंमध्ये सध्या सुमारे २४ अंशांचे अंतर पडले असल्याने असे घडते. गतीच्या गणितात आरंभबिंदू कोठे धरला यावर स्थानाचे आकडे बदलतात, वेगाचे सहसा बदलत नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणे कठीण आहे.

चंद्राच्या बदलत्या वेगाचा प्रश्न भारतात सिद्धांतकारांनी फार पूर्वीच हाती घेतला होता, पण त्याचे सर्वांत सुस्पष्ट विवेचन भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आढळते. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी हा ग्रंथ वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये पूर्ण केला आणि त्यावर स्वतःच ‘वासनाभाष्य’ ही टीका लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. गणिताच्या ग्रंथांसाठी दानपत्र कोरले जावे, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासात विरळच म्हणावी लागेल.

भास्कराचार्यांची रचना समजून घेण्यासाठी सदिश या संकल्पनेची ओळख आवश्यक आहे. ज्या राशीला केवळ परिमाण असते, उदाहरणार्थ तापमान किंवा काळ, तिला अदिश म्हणतात. ज्या राशीला परिमाणाबरोबर दिशाही असते, उदाहरणार्थ विस्थापन किंवा वेग, तिला सदिश म्हणतात. दोन विस्थापनांची बेरीज करताना पहिल्याच्या टोकापासून दुसरे काढायचे आणि आरंभापासून अंतिम टोकापर्यंतचा बाण घ्यायचा. ही बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येते, कारण दोन्ही मार्ग एकाच समांतरभुज चौकोनाच्या बाजूंवरून जातात.

आता चंद्राची आकृती पाहावी. पृथ्वी मध्यभागी धरून एक मोठे वर्तुळ काढायचे, ते कक्षावृत्त. त्यावर सरासरी वेगाने फिरणारा मध्यम चंद्र. त्या मध्यम चंद्राभोवती एक लहान वर्तुळ, ते नीचोच्चवृत्त. लहान वर्तुळाची त्रिज्या नेहमी मंदोच्चाच्या दिशेला समांतर ठेवायची आणि तिच्या टोकाशी खरा चंद्र मानायचा. मंदोच्च म्हणजे कक्षेतील सर्वांत दूरचे स्थान, जेथे चंद्र सर्वांत मंद असतो. भास्कराचार्य दुसरी आकृतीही देतात. तिच्यात लहान वर्तुळ नाहीच. त्याऐवजी मोठ्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीपासून मंदोच्चाकडे थोडे सरकवलेले असते. या सरकवलेल्या वर्तुळाला प्रतिवृत्त म्हणतात, आणि दोन्ही आकृत्यांतून येणारे चंद्राचे स्थान एकच असते. आधुनिक भाषेत पहिली आकृती फिरत्या मोठ्या सदिशात जवळजवळ स्थिर दिशेचा लहान सदिश मिळवते, दुसरी तेच दोन सदिश उलट क्रमाने मिळवते, आणि दोहोंची समानता म्हणजे सदिश बेरजेची क्रमनिरपेक्षता. ही समानता ग्रीक खगोलज्ञांनाही ठाऊक होती, तेव्हा तिच्या अग्रक्रमाचा वाद निरर्थक आहे. मात्र सदिश हा शब्द किंवा त्याचे चिन्ह नसतानाही त्याचा व्यवहार किती निर्दोष होऊ शकतो, हे या दोन आकृत्यांवरून दिसते.

स्थान मिळाले तरी तिथी केव्हा संपेल हे सांगण्यासाठी वेग लागतो, आणि भास्कराचार्यांचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. आजच्या आणि उद्याच्या स्पष्ट, म्हणजे खऱ्या, स्थानांची वजाबाकी केली की एका दिवसातली सरासरी गती मिळते. तिला ते स्थूल म्हणतात. चंद्राची गती मोठी असून क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथीचा अंत जवळ असताना त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती, घ्यावी असे ते बजावतात. ती काढण्यासाठी ज्या, म्हणजे आजच्या भाषेतील साइन, कोनाबरोबर किती वेगाने बदलते हे माहीत असावे लागते. ज्यांच्या सारणीत दर २२५ कलांना एक ज्या दिलेली असते आणि लगतच्या दोन ज्यांमधील फरक पायरीपायरीने कमी होत जातो. भास्कराचार्य म्हणतात की त्या क्षणीचा फरक हवा असल्यास कोटिज्येला, म्हणजे कोसाइनला, २२५ ने गुणून त्रिज्येने भागावे. ज्येच्या बदलाचा दर कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हेच कलनशास्त्राचे एक प्राथमिक सूत्र आहे. या मार्गाच्या खुणा ९३२ सालच्या मुंजालाच्या ‘लघुमानसा’तही दिसतात, भास्कराचार्यांनी तो कारणांसह आणि तिथीच्या प्रत्यक्ष गरजेशी जोडून मांडला. ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक जेथे सर्वाधिक असतो, तेथे स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच असते, हेही त्यांनी नोंदवले आहे.

या सूत्राचे फळ आकड्यांत पाहण्यासारखे आहे. भास्कराचार्यांनी चंद्राच्या लहान वर्तुळाचा परिघ मोठ्या वर्तुळाच्या ३६० भागांपैकी ३१ अंश ३६ कला इतका धरला आहे. मंदोच्च स्वतः दररोज सुमारे ६ कला ४१ विकला सरकते, म्हणून त्याच्या सापेक्ष चंद्राची गती ७८३ कला ५४ विकला. तिला ३१ अंश ३६ कलांनी गुणून ३६० ने भागले की सुमारे ६९ कला येतात. चंद्राच्या गतीत होणारी कमाल वाढ किंवा घट ती हीच. म्हणजे चंद्राची गती ७२२ ते ८५९ कलांच्या दरम्यान राहते. तिच्यातून सूर्याच्या ५९ कला वजा करून ७२० ला भागले असता तिथी कमीत कमी ५४ आणि जास्तीत जास्त ६५ घटिकांची ठरते. ६० घटिका म्हणजे एक अहोरात्र. जुन्या पंचांगकर्त्यांच्या तोंडी असलेला ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा नियम, म्हणजे ६० घटिकांवर पाचाची वाढ आणि सहाची घट, या भागाकारातून हुबेहूब बाहेर पडतो. पुढे धर्मशास्त्राच्या चर्चेत या नियमाला जवळजवळ आज्ञेचे स्वरूप आले. त्याचे मूळ एका लहान वर्तुळाच्या परिघात होते, हे त्या चर्चेत फारसे कोणी आठवले नाही.

भास्कराचार्यांनंतर सुमारे पावणेचार शतकांनी हे गणित कोकण किनाऱ्यावर आले आणि गावोगावच्या जोश्यांच्या हाती पडले. नांदगाव येथील केशव दैवज्ञ यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे १५२० हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला. करणग्रंथ म्हणजे सिद्धांताची उपपत्ती न सांगता केवळ गणनेच्या युक्त्या देणारा ग्रंथ. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पून मोठमोठ्या संख्या आटोक्यात आणल्या आणि ज्या व कोटिज्या यांची सारणी पूर्णपणे टाळून त्यांच्या जागी साधे गुणाकार-भागाकार बसवले. त्यांच्या ‘तिथिचिंतामणी’ या कोष्टकांनी तर तिथी काढणे बेरजेवर आणून ठेवले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात ‘ग्रहलाघवा’च्या विस्तृत प्रसाराची साक्ष दिली आहे. या सुलभीकरणाची किंमतही चुकवावी लागली. ज्याला केवळ बेरीज करायची आहे त्याला त्या बेरजेमागचे वर्तुळ दिसत नाही, आणि वर्तुळ दिसले नाही की आकाशाशी ताळा जुळत नसल्याचे कारण शोधता येत नाही.

ताळा जुळत नव्हता, आणि तो नेमका पंचमी-अष्टमीच्या आसपास जुळत नव्हता. या गोष्टीचे कारण मोठे उद्बोधक आहे. प्राचीन काळी चंद्राच्या स्थानाची कसोटी ग्रहणे ही होती, आणि ग्रहणे अमावास्येला किंवा पौर्णिमेलाच होतात. चंद्राच्या कक्षेच्या लंबवर्तुळाकारामुळे त्याच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांत जास्तीत जास्त ६ अंश १७ कलांचा फरक पडायला हवा. परंतु सूर्याच्या आकर्षणामुळे निर्माण होणारी दुसरी एक विषमता अमावास्या-पौर्णिमेला या फरकातून सव्वा अंश कमी करते आणि अष्टमीच्या सुमारास तेवढाच वाढवते. त्यामुळे ग्रहणांवरून मापन करणाऱ्या सिद्धांतकारांना ५ अंश २ कला हा आकडा मिळाला, आणि तो ग्रहणांच्या वेळी बरोबरही होता. शिवाय तिसरी एक विषमता, सुमारे ३९ कलांची, चंद्र सूर्यापासून ४५ अंशांवर असताना, म्हणजे पंचमी लागण्याच्या थोडी आधी, सर्वाधिक असते. ही दोन्ही कारणे एका दिशेला आली की पंचमीच्या वेळी जुन्या गणिताची चूक अडीच अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे वेळेत चार ते पाच तासांचा फरक पडू शकतो. सूर्योदयानंतर तासा-दोन तासांत पंचमी संपत असेल अशा वर्षी एवढा फरक जत्रेचा दिवस हलवण्यास पुरेसा आहे. तिथीची कमाल व किमान लांबीही प्रत्यक्षात ६७ आणि ५० घटिका आहे, ‘सप्तवृद्धी दशक्षय’.

हा दोष दूर करण्याचा प्रयत्न मराठी प्रदेशात केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रथम नेटाने केला. टिळकांचे गुरू म्हणून त्यांची आठवण अधिक निघते, पण १८६० साली त्यांनी प्रसिद्ध केलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आणि त्यांच्या गणितावर १८६५ च्या सुमारास सुरू झालेले पटवर्धनी पंचांग हे त्यांचे अधिक टिकाऊ काम मानावे लागेल. युरोपीय ग्रहगणिताच्या आधारे तयार झालेल्या अशा पंचांगांना दृक्‌प्रत्ययी, म्हणजे डोळ्यांना जुळणारी, म्हणू लागले, आणि ‘बाणवृद्धी रसक्षय’ मोडतो म्हणून त्यांना तीव्र विरोधही झाला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या गणिताला संस्कृत ग्रंथाचे रूप दिले, १९०४ मध्ये मुंबईत पंचांगशोधनासाठी परिषद भरली, आणि पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. १९७३ पासून मालवणचे जयंतराव साळगावकर यांच्या ‘कालनिर्णय’ने तिथी भिंतीवर टांगली, आणि गोव्यातील घराघरांतही आज बहुधा तेथूनच ती वाचली जाते.

इतके सगळे झाले तरी तिथीच्या गणितात चंद्राचा वेग पुरता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंशांचा कोन करते, त्यामुळे त्याच्या वेगाचा एक घटक क्रांतिवृत्ताच्या दिशेने आणि दुसरा त्याला लंब दिशेने असतो. एका सदिशाचे असे परस्परलंब दिशांत केलेले विभाजन म्हणजे त्याचे घटक. तिथी पहिल्याच घटकाकडे पाहते. दुसऱ्या घटकामुळे निर्माण होणारे अंतर सिद्धांतकार विक्षेप किंवा शर या नावाने वेगळे काढतात आणि त्याची कमाल २७० कला धरतात, आणि ग्रहण लागेल की नाही हे त्यावरच ठरते. म्हणजे एकाच गतीचे दोन घटक करून, प्रश्नाला आवश्यक तेवढाच घटक वापरण्याची रीत पंचांगाच्या अंगवळणी पडलेली होती. हीच रीत जमिनीवरील वस्तूंना लावण्याचे श्रेय गॅलिलिओचे आहे. १६३८ च्या ग्रंथात त्याने फेकलेल्या वस्तूची गती आडव्या एकसमान आणि उभ्या त्वरणयुक्त अशा दोन गतींत विभागून तिचा मार्ग परवलय असल्याचे दाखवले. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. न्यूटनने १६८७ मध्ये समांतरभुज चौकोनाचा नियम बलांनाही लावला, हॅमिल्टनने १८४३ मध्ये चार घटकांच्या नव्या संख्या कल्पिल्या, आणि गिब्ज व हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात त्यांतून आजचे सदिश बीजगणित घडवले. छत्रे कोष्टके करीत होते तेव्हा पाठ्यपुस्तकातला बाण अजून जन्माला आलेला नव्हता, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

भास्कराचार्यांनी कलनशास्त्राचा शोध लावला, असे विधान हल्ली वारंवार केले जाते. ते पुराव्यापेक्षा पुढे जाते: त्यांच्याकडे एका विशिष्ट राशीच्या बदलाचा दर अचूकपणे काढण्याची रीत होती, कोणत्याही राशीला लागू पडणारी सर्वसाधारण पद्धती नव्हती, आणि वेग का बदलतो हा प्रश्न त्यांनी गणिताच्या कक्षेत घेतलेला नव्हता. उलट, त्यांचे काम म्हणजे निव्वळ ज्योतिषाची आकडेमोड, हा जुना अभिप्रायही तितकाच चुकीचा आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील विद्वान चौदाव्या शतकात एकसमान बदलणाऱ्या वेगाचा तात्त्विक विचार करू लागले, त्याच्या जवळजवळ दोन शतके आधी सह्याद्रीच्या परिसरात क्षणिक वेग आणि दैनिक वेग यांतला भेद व्यवहारात वापरला जात होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील उच्च माध्यमिक विद्यालयांत गतीचे प्रकरण शिकवताना आगगाड्या आणि नदी ओलांडणाऱ्या होड्या यांचीच उदाहरणे दिली जातात. शिक्षकांनी त्यांच्या जोडीला पंचांगही वर्गात न्यावे. एका महिन्याच्या तिथ्यांच्या समाप्तीच्या वेळा लिहून घ्याव्यात, लगतच्या वेळांची वजाबाकी करावी, आणि १२ अंशांना त्या प्रत्येक कालावधीने भागून येणारा सापेक्ष वेग आलेखावर मांडावा. तीस बिंदूंचा तो आलेख लहरीसारखा चढता-उतरता येतो, आणि त्यावर वैशाख शुद्ध पंचमी कोठे पडते ते विद्यार्थ्यांना स्वतःच शोधू द्यावे.